समोरचा

इस्त्रीचे कपडे द्यायला तो संध्याकाळी सातच्या पुढेमागे येतो. बेल एकदाच वाजवतो, तीही अर्धवट. त्या दिवशी आषाढातला पाऊस होता, तरी गठ्ठा कोरडा होता. वर प्लॅस्टिक, आत जुनी चादर आणि चादरीत अजून ऊब धरून असलेले माझे सात शर्ट. पैसे घेतले, सुट्टे परत दिले आणि एरवी दोन-दोन पायऱ्या गाळत उतरणारा पोरगा दारातच घोटाळला. मग फोन माझ्यापुढे धरून म्हणाला, "काका, हे जरा बघा ना. मला कळलंय तसं, पण तुम्ही एकदा बघा." मेसेज इंग्रजीत होता, तुटक, गिऱ्हाइकाने किराणामालाची यादी धाडावी तसा. एकसष्ट किलोचा ऑपोनंट हवा. सहा राउंड. बँकॉक. जाण्यायेण्याचं तिकीट, दोघांत एक खोली, सहाशे डॉलर. रक्ताचे रिपोर्ट आणि डोक्याचा स्कॅन ताजा हवा. गेल्या साठ दिवसांत नॉकआउट झालेला चालणार नाही. शेवटी अंगठ्याचं चित्र. करारमदारांची भाषांतरं करण्यावर माझं पोट चालतं, त्यामुळे मी सवयीने एकेक कलम सोडवून सांगत गेलो. सहाशे डॉलर म्हणजे पन्नास हजारांच्या आसपास, हे त्याने आधीच काढलेलं होतं. त्याचं अडलं होतं एकाच शब्दावर. "ऑपोनंट म्हणजे समोरचा ना?" मी म्हटलं, हो. त्यावर तो जरा थांबला. "मग समोरचा मी, का तो?"

मी म्हटलं, उद्या सांगतो.

सांगण्यासारखं उत्तर मला तेव्हाच ठाऊक होतं, म्हणूनच तर टाळलं. व्यावसायिक बॉक्सिंग मी गेली वीस-पंचवीस वर्षं बघतो. बायको झोपल्यावर, आवाज बंद करून, जरा चोरूनच. त्या धंद्यात 'ऑपोनंट' या शब्दाला कोशात नसलेला एक अर्थ आहे. दोघंही एकमेकांच्या समोर उभे असतात खरे, पण ऑपोनंट त्यातला एकच असतो. ज्याला हरण्यासाठी आणलेलं असतं, तो. इंग्लंडातल्या छोट्या हॉलमधल्या लढतींत तर हे उघडउघड असतं. एक कोपरा 'घरचा', दुसरा 'बाहेरचा'. घरच्या पोराने आपल्या गल्लीत, कामावर, पबात तिकिटं खपवलेली असतात, त्याच पैशांतून बाहेरच्याचा मेहनताना निघतो. बाहेरच्याने यायचं, चार राउंड नीट उभं राहायचं, पोराला थोडं शिकवायचं, थोडं मिरवू द्यायचं आणि गुणांवर हरून रात्रीच गाडी पकडायची. बर्मिंगहॅमचा पीटर बकली असा ३०० लढती खेळला, त्यातल्या २५६ हरला. पुढे जगज्जेता झालेला नसीम हमीद कोवळा होता तेव्हा त्याच्यासमोरही हाच उभा होता. नंतर क्रिस्टियन लेट आला. त्याच्याही बरोबर ३०० लढती, त्यात २७९ पराभव. हे आकडे वाचून हसू येतं, मलाही पहिल्यांदा आलं होतं. पण जरा विचार केला की अंगावर येतं, कारण इतक्या वेळा हरायला विलक्षण कसब लागतं. नॉकआउट झालात तर बॉक्सिंगचं मंडळ काही आठवडे रिंगणात उतरू देत नाही, म्हणजे पुढच्या शनिवारची कमाई बुडाली. म्हणून मार खायचा, पण लागू द्यायचा नाही. जिंकायचं तर नाहीच नाही. दोन-चारदा जिंकलात की तुम्हाला कोणी बोलवत नाही.

आमच्याकडे याला शब्द नाही असं मी म्हणणार होतो, पण तसं नाही. आमच्याकडे शब्द आहे, आणि तो शिवीसारखा वापरतात. मी कोल्हापूरकडचा. लहानपणी वडील जत्रेतल्या मैदानांना न्यायचे. ताक, हळद, लिंबू आणि तेल घालून मळलेल्या लाल मातीचा तो वास पहिल्या पावसाच्या वासापेक्षाही मला खोलवर ओळखीचा आहे. दुपारी पोरासोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग नारळावरच्या, आणि ऊन उतरायला लागलं की हलगीचा ठेका बदलायचा, फेटेवाले पंच उठून उभे राहायचे आणि माइकवरून मोठ्या जोडांची नावं पुकारली जायची. जोड लावणं ही एक विद्या आहे. वजन, उंची, तालीम, वस्तादांचे आपसातले रागलोभ आणि गावकीची अब्रू, सगळं त्यात येतं. एका वर्षी आमच्या शेजारच्या गावचा एक नवा उमदा पठ्ठ्या शेवटच्या कुस्तीला होता. समोर लांबून आणलेला, पस्तिशी ओलांडलेला, कान फुटून अळूच्या गड्ड्यासारखे झालेला पैलवान. पाच-सात मिनिटं खडाखडी झाली. मग त्या थोराडाने एक पाय असा सोडला, की मलासुद्धा कळलं. पोरगं वर, तो खाली. अर्धं मैदान नाचायला लागलं आणि उरलेल्या अर्ध्यातून आरोळी उठली, "नुरा! नुरा!" कोणीतरी मातीचं ढेकूळ भिरकावलं, ते त्याच्या पाठीवर फुटलं. परत निघालो तेव्हा तो पैलवान देवळामागच्या नळावर अंग धूत होता. मग त्याने पिशवीतून कंगवा काढून केस विंचरले, पाकिटातल्या नोटा मोजल्या आणि त्यातली एक पुन्हा मोजली. मी वडिलांना विचारलं, हा मुद्दाम हरला का? वडील जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्याचं मुलगं बारक्या गटात खेळतंय म्हणे. खुराकाला पैसा लागतो." हे काही माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. पण पुढे मी ते कधी विचारलंही नाही.

बॉक्सिंगच्या भवितव्याबद्दल हल्ली जे लिहून-बोलून येतं, त्यात हा नळावरचा माणूस नसतो. त्यात असतं ते शून्य. अमुक बारा-शून्य, म्हणजे बारा विजय आणि पराभव एकही नाही, तमुक वीस-शून्य. अमेरिकेच्या मेवेदरने २०१७ साली ५०-० वर दुकान बंद केलं, तेव्हापासून तर या शून्याची देवासारखी पूजा चालते. एक पराभव झाला की पोराचा भाव पडतो, म्हणून त्याला जपतात, आणि जपायचं म्हणजे समोर कोण उभं करायचं याचा हिशेब करायचा. एकेक पायरी थोडी उंच. आधी कष्टकरी म्हातारे, मग कधीकाळी नाव कमावलेले, आणि शेवटी खरे. त्यातूनही अस्सल गुण निघतात, नाही असं नाही. मोझेस इटौमाला बघावं. २००४ च्या डिसेंबरात स्लोव्हाकियात जन्मलेला, इंग्लंडातल्या केंटमध्ये वाढलेला, डावखुऱ्या पवित्र्याचा हेवीवेट. टायसन विसाव्या वर्षी जगज्जेता झाला होता, त्याचा तो विक्रम मोडायची या पोराची हौस होती. ते जमलं नाही. पण १६ ऑगस्ट २०२५ ला रियाधमध्ये त्याने डिलियन व्हाइटला पहिल्याच राउंडमध्ये, दोन मिनिटंही पुरी व्हायच्या आत, झोपवला. ती क्लिप मी दहादा तरी पाहिली असेल. पाय किती शांत आहेत त्याचे! पहिला ठोसा लागल्यावर घाई नाही, दुसरा कुठे पडणार हे जणू आधी ठरलेलं. अकराव्यांदा पाहताना मात्र माझी नजर व्हाइटवर गेली. सदतिसाव्या वर्षी तोल सावरायला दोर शोधणारा हात. हाच व्हाइट एके काळी स्वतः चढता होता, आणि त्यालाही कुणीतरी पायऱ्या पुरवल्याच असतील.

जपानची तऱ्हा मला त्या मानाने आवडत आली. तिथे नाओया इनोउएने सहाव्याच लढतीत जागतिक किताब जिंकला, आठव्या लढतीत दुसऱ्या वजनगटातला. बाप शिकवतो, पोरगा लढतो, हे अगदी आपल्या तालमीसारखं. ६ मे २०२४ ला टोकियो डोममध्ये लुईस नेरीने त्याला पहिल्याच राउंडमध्ये खाली बसवलं, कारकिर्दीत प्रथमच. चाळीस हजारांच्या वर माणसं एकदम गप्प झाली. तो एका गुडघ्यावर राहून मोजणी ऐकत होता, उठायची घाई न करता. सहाव्या राउंडमध्ये नेरी संपला. युक्रेनचा लोमाचेन्को तर दुसऱ्याच व्यावसायिक लढतीत किताबासाठी उतरला, हरला, तिसरीत जिंकला आणि त्याला कोणी कमी लेखलं नाही. म्हणजे शून्य नसलं तरी चालतं. पण हे परवडतं कुणाला? ज्याचे गुण वादातीत आहेत आणि ज्याच्यामागे कोणी उभं आहे, त्याला.

आपल्याकडे हे सगळं अजून नवं आहे, आणि नव्याची नवलाई मी स्वतः अनुभवली आहे. ५ ऑगस्ट २०१७ ला विजेंदर सिंग वरळीच्या डोममध्ये चिनी मुष्टियोद्ध्याविरुद्ध उतरला, तेव्हा मी पुण्याहून मुद्दाम गेलो होतो. डोकलामचे दिवस होते. आसपासचे लोक बॉक्सिंग बघायला आले होते की सीमेवर आले होते, कळत नव्हतं. माझ्या मागच्या रांगेतला एक गृहस्थ दहाही राउंड एकच घोषणा देत होता आणि मध्येच वडापाव खात होता. विजेंदर जिंकला, गुणांवर, पण थोडक्यात. आणि माइक हातात घेऊन म्हणाला, हा पट्टा परत करतो, सीमेवर शांतता राहू दे. वडापाववाले गृहस्थ हे ऐकून जरा हिरमुसले. मला मात्र तो क्षण फार आवडला. मग मार्च २०२१ मध्ये त्याच विजेंदरला पणजीत, मांडवीतल्या एका कॅसिनो बोटीच्या गच्चीवर, आर्तिश लोपसान नावाच्या उंच रशियन पोराने पाचव्या राउंडमध्ये थांबवलं. त्याआधी विजेंदरच्या बारा लढती, बाराही जिंकलेल्या. लोपसानला अर्धा डझन लढतींचा अनुभव. आणलेला होता समोरचा म्हणून, पण त्याला कोणी नीट समजावून सांगितलं नसावं. मी त्या रात्री विजेंदरसाठी हळहळलो, आणि खरं सांगायचं तर आतल्या आत कुठेतरी लोपसानसाठी टाळीही वाजवली.

आता निशांत देव आहे. कर्नालचा, सुंदर डावखुरा. पॅरिस ऑलिंपिकच्या उपांत्यपूर्व फेरीत मेक्सिकोच्या मार्को वेर्देविरुद्ध जो निकाल लागला, त्यावर मी अजूनही भांडू शकतो. त्या पराभवानंतर त्याने हौशी खेळ सोडला, एका बड्या ब्रिटिश प्रवर्तकाशी करार केला आणि २५ जानेवारी २०२५ ला लास वेगासमध्ये पहिली लढत पहिल्याच राउंडमध्ये संपवली. इस्त्रीवाल्याच्या पोराने त्या दिवशी कपडे देताना मला जिन्यातूनच ओरडून सांगितलं होतं, "काका, निशांतभैयानं उडवला!" तेव्हा त्याच्या तोंडावर जे होतं, ते बघून मला बरं वाटलं होतं. हेही खरं, की समोर कोण होता हे आम्ही दोघांनीही विचारलं नाही.

याची गोष्ट निशांतसारखी नाही. मंडईवरच्या हॉलमध्ये हा खेळायला लागला बाराव्या वर्षी. मी एकदा बघायला गेलो होतो. जिन्यात कोथिंबिरीचा आणि सडक्या कोबीचा वास, वर घाम आणि आयोडेक्स. रिंगचे दोर नायलॉनच्या रश्शीने आवळलेले. चिंध्यांनी भरलेली बॅग खाली बसून दगडासारखी झालेली, म्हणून सगळी पोरं तिच्या वरच्या अर्ध्यातच मारतात. छातीखालचा ठोसा कुणाचाच सरावाचा नाही, हे मी तिथे पाहिलं आणि हसलो. राज्य पातळीवर त्याला एक कांस्य मिळालं. मग ठरलेला रस्ता, खेळाडूंच्या पाच टक्क्यांतून पोलीस भरती. प्रमाणपत्राची पडताळणी एका कार्यालयात इतकी रेंगाळली, की कागद हातात आला तोवर भरती उरकली होती. पुढच्या भरतीत धावण्यात मार्क कमी पडले. मग कोणीतरी म्हणालं, प्रो हो. हरियाणात एका लग्नाच्या हॉलमध्ये, व्यासपीठावरची झालर तशीच ठेवून लावलेल्या रिंगमध्ये तो तीन लढती खेळला. एक जिंकली, दोन हरला. एक-दोन. हेच त्याचं व्हिजिटिंग कार्ड. बँकॉकच्या मेसेजमध्ये एकसष्ट किलो लिहिलं होतं, पण त्या माणसाला खरं तर हा एक-दोन हवा होता.

दुसऱ्या दिवशी मी टपरीवर गेलो आणि सांगितलं. अगदी सरळ सांगितलं, की समोरचा तू. तुला हरायला बोलावतायत. तो कॉलरवर पाणी शिंपडत होता, ते थांबलं नाही. "ते कळलं होतं काका," तो म्हणाला. "मला वाटलं, इंग्रजीत काही वेगळं असेल." त्याचे वडील कोळसे फुलवत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण ऐकत होते. मी पुढे टोकियोचं सांगायला गेलो होतो, खरं तर त्यासाठीच गेलो होतो. २ ऑगस्ट २०२५ ला कोराकुएन हॉलमध्ये एकाच कार्यक्रमात लढलेले दोन जण पुढच्या आठवड्याभरात गेले. शिगेतोशी कोतारी आणि हिरोमासा उराकावा. दोघंही २८ वर्षांचे, दोघांच्याही मेंदूवर रक्त साकळलेलं. उराकावाची लढत आठव्या राउंडमध्ये थांबवली होती. कोतारी मात्र बाराच्या बारा राउंड उभा होता, लढत बरोबरीत सुटली होती. पडला नव्हता तो. जपानी मंडळाने नंतर त्या पातळीच्या किताबी लढती बारावरून दहा राउंडवर आणल्या. हे सगळं माझ्या जिभेवर होतं. पण समोर बाप बसलेला, हातात कोळशाचा चिमटा. मी एवढंच म्हटलं, डोक्याचा स्कॅन नीट करून घे, स्वस्तातला नको. आणि घरी येऊन त्या मेसेजला मीच त्याच्या वतीने सुवाच्य इंग्रजीत होकार लिहून दिला.

नऊ दिवसांनी तो परत आला. डाव्या डोळ्याखाली जांभळं, कडेने पिवळं पडत चाललेलं. शर्टांच्या गठ्ठ्यावर सुकवलेल्या आंब्याचं एक पाकीट ठेवलेलं, काकूंसाठी. साठ-चोपन्न, तिन्ही पंचांचं एकमत. सहाच्या सहा राउंड गेले. "पडलो नाही पण," तो म्हणाला, आणि तेवढं म्हणताना छाती जराशी वर आली. मला कोतारी आठवला आणि मी आंब्याच्या पाकिटाकडे बघत राहिलो. मग तो आपणहून सांगायला लागला. समोरच्याचं सगळं गणगोत पहिल्या रांगेत होतं, फोटोचे फलक घेऊन. याच्या कोपऱ्यात त्यांनीच दिलेला माणूस, याची भाषा न कळणारा. तो फक्त पाणी पाजायचा आणि मानेवर बर्फ धरायचा. तिसऱ्या राउंडमध्ये याचा डावा बरगडीखाली, यकृतावर बसला. बॅगवर कधी सराव नसलेला ठोसा. "त्याचे डोळेच बदलले काका. कोपर खाली आलं. तोंड पूर्ण उघडं." मी विचारलं, मग? तो गठ्ठ्याची गाठ सोडायला लागला. "मग काय. जरा फिरलो बाजूला." का? त्यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की हा माणूस इतकी वर्षं बॉक्सिंग बघतो आणि याला एवढंही कळत नाही. "पुन्हा बोलावतील का मग?"

पैशांचं काय केलं ते मी विचारलं नाही. टपरीला नवा पत्रा आला, तो मला दिसला.

परवा रात्री उशिरा दूध आणायला खाली उतरलो तर टपरीत दिवा होता. वडील घरी गेले होते. तो एकटाच टेबलापाशी उभा राहून स्वतःची बँडेजं इस्त्री करत होता. साडेचार मीटरची ती लांबच लांब पट्टी, धुऊन आकसलेली, घामाने कडेला पिवळी पडलेली. इस्त्री पुढे जायची तशी पट्टी सपाट होत टेबलावरून खाली घरंगळायची, मग तो ती अंगठ्यापासून घट्ट गुंडाळत आणायचा. मला बघून म्हणाला, "बरं झालं आलात," आणि फोन पुढे केला. नवा मेसेज होता, दुबईचा. साठ किलो, चार राउंड, आठशे डॉलर. खाली लिहिलं होतं, की तुमच्या मुलाबद्दल बँकॉकहून चांगलं ऐकलं. म्हणजे चांगला हरतो. मी हे शेवटचं वाक्य वाचून दाखवलं नाही, पण त्याने ते बहुधा आधीच वाचलेलं असावं. "एवढंच विचारा," तो म्हणाला, "समोरच्याच्या किती झाल्यात." मी टाइप केलं. उत्तर लगेच आलं, रात्रीचे साडेदहा वाजले असूनही. एकच शब्द. पदार्पण.

"पहिलीच आहे त्याची," मी सांगितलं.

तो इस्त्री उभी करून ठेवून थोडा वेळ हातातल्या गुंडाळीकडे बघत राहिला. "पहिलीला मी तीनदा ओकलो होतो," तो म्हणाला. "लग्नाच्या हॉलमागं, मोरीत. कोचसरांना सांगितलं नव्हतं." मग दुसरी पट्टी टेबलावर पसरली, पाण्याचा हबका मारला. "तो पण झोपणार नाही बघा आता तोवर."